उतार येईपर्यंत दम धरा

निर्यातीच्या जोरावर देश पुढं चाललाय आणि तुमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत काहीच कसं दिसत नाही, म्हणून कुरकुरू नका. आधी अर्थशास्त्र समजून घ्या.

अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली मांडून ठेवलंय: वाढ सुरू झाली की विषमता आधी चढते, मग उतरते. अगदी चोर्ल्याच्या घाटासारखं. यात पाच टक्के माहिती आणि पंचाण्णव टक्के अंदाज आहे, असं त्यांनी त्याच निबंधात कबूलही केलंय. पण थोरांचा विनय मनावर घ्यायचा नसतो. भारतात वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये २२.६ टक्के. म्हणजे चढ अजून चालू आहे. घाटात मागं वळून बघू नये, चक्कर येते.

दुसरं, पुन्हा जन्म घ्याल तेव्हा माणूस म्हणून घेऊ नका, सेझमधलं, म्हणजे निर्यातीसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातलं, युनिट म्हणून घ्या. २००५च्या कायद्यानं निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर माफ, पुढची पाच वर्षं निम्मा. नव्या युनिटांना ही सवलत आता बंद झाली म्हणा; तुमचा मुहूर्त नेहमीच चुकतो.

शेतकरी असाल तर मात्र जगाच्या बाजाराचा मोह धरू नका. भाव चढले की दरवाजा लागतो: जून २०२२ मध्ये साखरेच्या निर्यातीवर बंधनं, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर थेट बंदी. खुला व्यापार म्हणजे काय, हे बाजार समितीच्या आवारात पोत्यावर बसून नीट कळतं.

गरीब देशात कामगार मुबलक, म्हणून व्यापार खुला झाला की मजुरीच वाढणार, असं पुस्तकात आहे. आमच्या शेजारच्या मामांना मी हे समजावून सांगितलं. ते तुटलेला धागा जोडत होते; चार मागांपैकी दोन चालू, दोनांवर गोधड्या वाळत घातलेल्या. सुताचा भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि साडीची मजुरी सावकाराच्या गादीवर, एवढंच ते म्हणाले. थोरला आयटीआय करून हत्तरगीला विमानाचे भाग करायला जातो, तेव्हा निम्मं पुस्तक खरंच म्हणायचं. धाकट्याला मागाशिवाय काही येत नाही. त्याच्यासाठी पुस्तकात पान नाही.

"ह्या घाटाचा उतार कुठं लागतो रे?" मामांनी विचारलं.

मी म्हटलं, कचेरीत चौकशी करतो. तिथं उतारा मिळाला. कन्नडमध्ये.