न जळलेल्या कोळशाचा हिशोब

हवामानबदलाचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते, हे मला फार दिवसांपासून खटकतंय. एक म्हणजे सौर पॅनेल आणि पवनचक्क्या. दुसरी म्हणजे ‘सगळ्यांनी जरा कमी वापरा’ हा उपदेश. सौर पॅनेल हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण या दोन्हींच्या मधे एक मोठं क्षेत्र आहे, ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही: काम तेवढंच, सोय तेवढीच, पण वीज कमी. मी एनर्जी ऑडिटचं काम करते, कारखान्यांत जाऊन वीज नेमकी कुठे जाते ते मोजते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

जगात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी साधारण ४५ टक्के वीज इलेक्ट्रिक मोटरींमध्ये जाते. पंप, पंखे, ब्लोअर, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर. दिव्यांवर आपण एवढं बोलतो, पण मोटर कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. ती पंपहाऊसमध्ये असते, गच्चीवर असते, तळघरात असते.

आता पंपाचं काय होतं ते बघा. डिझाइन करणारा हिशोब करतो आणि ‘असू दे’ म्हणून दहा-पंधरा टक्के वाढवतो. त्याच्यावर सल्लागार आपले दहा टक्के चढवतो. खरेदी करणारा त्याच्याही पुढचा साइझ घेतो, कारण पंप कमी पडला तर बोलणी त्याला खावी लागतात आणि जास्त झाला तर कुणी काही म्हणत नाही. मग एवढा मोठा पंप बसल्यावर पाणी जास्त यायला लागतं आणि ऑपरेटर पाणी बाहेर पडायच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकवर गाडी चालवावी तसं हे वर्षानुवर्षं चालतं. रोज २४ तास.

पंपाची आणि पंख्याची शक्ती वेगाच्या घनात बदलते. वेग २० टक्के कमी केला की ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. जवळपास निम्मी वीज! मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह (व्हीएफडी) बसवला की हे साधतं. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर एवढी बचत होत नाही, कारण उंचीचा दाब वेगाबरोबर कमी होत नाही, आणि हे न सांगता ड्राइव्ह विकणारे लोकही मी पाहिलेत. पण पाणी किंवा हवा नुसती फिरवायची असते तिथे हा नियम जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. यात नवं संशोधन काही नाही. गणित जुनं आहे आणि ड्राइव्ह कित्येक दशकांपासून बाजारात मिळतोय.

कॉम्प्रेस्ड एअरची, म्हणजे मशिनी चालवायला दाबून ठेवलेल्या हवेची, अवस्था त्याहून वाईट. जिथे पाइपलाइनची देखभाल होत नाही तिथे कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं नेहमीचं आहे. ओळखायची पद्धत सोपी. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशिनी बंद असताना कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन उभं राहायचं. हवा कुणीही वापरत नसताना कॉम्प्रेसर मधूनमधून लोडवर येत असेल, म्हणजे पुन्हा हवा दाबायला लागत असेल, तर तो फक्त गळती भरून काढतोय. किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोड (नुसता रिकामा), एवढं घड्याळावर मोजलं की गळतीचं प्रमाण हातात येतं. एका ठिकाणी असं मोजून दिलं. दुरुस्ती म्हणजे काही कपलिंग आणि होज बदलायचे होते. पुढच्या भेटीत अहवाल कपाटात होता आणि गळती तशीच. मला राग आला होता, आजही येतो.

असं का होतं, याचा मी खूप विचार केलाय. निष्काळजीपणा हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मोटर एक विभाग विकत घेतो आणि विजेचं बिल दुसराच विभाग भरतो. सतत चालणाऱ्या मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात तिची किंमत अगदी किरकोळ असते, बाकी जवळजवळ सगळा खर्च विजेचा. तरी निविदा उघडताना तुलना होते ती किमतीची. घर भाड्याचं असेल तर एसी घरमालक निवडतो आणि बिल भाडेकरू भरतो. अशा रचनेत माणसं कितीही सज्जन असली तरी स्वस्त आणि वीजखाऊ वस्तूच निवडली जाणार. म्हणून मी या बाबतीत नियमांच्या बाजूने आहे. सवयींनी फार थोडं साधतं. किमान कार्यक्षमतेचं मानक ठरवावं, त्याच्या खालचं उपकरण विकायलाच बंदी करावी, आणि ते मानक दर काही वर्षांनी आणखी कडक करावं.

हे बोलणं हवेतलं नाही. अमेरिकेतल्या फ्रिजची गोष्ट यासाठी प्रत्येकाला माहीत असायला हवी. आर्थर रोझेनफेल्ड हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे कणभौतिकशास्त्रज्ञ, नोबेलविजेते एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी. १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि या माणसाने चांगलं चाललेलं कणभौतिकी सोडून इमारती आणि उपकरणं वीज कुठे वाया घालवतात याचा अभ्यास सुरू केला. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डस्टीन यांनी बाजारातल्या फ्रिजांची किंमत आणि वीजवापर शेजारी मांडून पाहिला. दोन्हींत काही संबंधच सापडला नाही! म्हणजे कमी वीज घेणारा फ्रिज महाग असतो हा समज निराधार होता. वीज कमी लागावी अशी काळजी फारशी कुणी घेतच नव्हतं, कारण तसं मागणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर कॅलिफोर्नियाने फ्रिजसाठी मानकं आणली, पुढे १९८७ च्या कायद्याने ती देशभर आली आणि टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत विकला जाणारा नवा फ्रिज वर्षाला सरासरी १,८०० युनिटांच्या आसपास वीज घ्यायचा. २००१ च्या मानकानंतर हा आकडा ५०० युनिटांपर्यंत आला. दरम्यान फ्रिज आकाराने मोठे झाले, आणि महागाई वजा केली तर स्वस्तही झाले. चमत्कार कुठलाच नव्हता. भिंतीत चांगला फोम, दाराला चांगलं गास्केट, चांगला कॉम्प्रेसर. घराघरांतल्या लोकांना आपण पर्यावरणासाठी काही करतोय हे कळलंही नाही, आणि कळायची गरजही नव्हती. मला या गोष्टीतली ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

पण यातूनच अडचणही उभी राहते. धरण दिसतं, पॅनेलचं शेत दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. जे वीज केंद्र बांधावंच लागलं नाही त्याची फीत कोण कापणार? २०१० मध्ये काही शास्त्रज्ञांनी मिळून यावर एक उपाय सुचवला. बचत मोजायला एकक घ्यावं आणि त्याला ‘रोझेनफेल्ड’ म्हणावं: वर्षाला ३ अब्ज युनिटांची बचत, म्हणजे ५०० मेगावॉटचं एक कोळसा केंद्र वर्षभरात जेवढी वीज देतं तेवढी. हे एकक फार रुळलं नाही याची मला हळहळ वाटते. ‘अमुक योजनेने इतके कोटी युनिट वाचले’ हे वाक्य माणूस वाचून पुढे जातो. ‘कोळशाची इतकी केंद्रं बांधावी लागली नाहीत’ म्हटलं की थांबतो.

मोजणीवरूनच हवामान संशोधनाकडे येते. आज आपण ज्या आकड्यांवर वाद घालतो ते आले कुठून? अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे आहे. हा आलेख शाळेच्या पुस्तकातही आता सापडतो. त्यात १९६४ च्या वसंतात एक छोटीशी फट आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. पैसे कापले गेले म्हणून मोजणी थांबली होती. रोज तेच उपकरण, तीच नोंद, त्यात नवीन काय, असं पैसे देणाऱ्यांना वाटायचं. कीलिंग आयुष्यभर या मोजणीच्या पैशासाठी भांडत राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीजच तोडली, तेव्हा काही काळ मोजणी शेजारच्या मौना केआवर न्यावी लागली. लाव्ह्यापुढे इलाज नसतो. निधी कापणं मात्र माणसाच्या हातात असतं, आणि एकदा गेलेला महिना नंतर कितीही पैसे ओतले तरी मोजता येत नाही.

ओझोनचं छिद्रही असंच सापडलं. अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावर ब्रिटिश लोक १९५७ पासून ओझोन मोजत बसले होते, म्हणून १९८५ मध्ये घट झाल्याचं ठामपणे सांगता आलं. दोन वर्षांत ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला.

आता कार्यक्षमतेवरचा खरा आक्षेप. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच लिहून ठेवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. काम स्वस्त झालं की माणूस ते जास्त करतो. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. घरातल्या एखाद्या उपकरणापुरतं पाहिलं तर वाचलेल्या विजेचा थोडाच भाग असा परत जातो, पण अख्ख्या अर्थव्यवस्थेचा हिशोब मांडणाऱ्या काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त निघालंय. म्हणून नुसत्या कार्यक्षमतेने उत्सर्जन खाली येईल असं मी म्हणत नाही. कोळसा बंद व्हायलाच हवा. पण कोळशाच्या जागी काय उभं करायचं, किती पॅनेल, किती बॅटऱ्या, किती तारा, हे शेवटी मागणी किती आहे यावर ठरतं. मागणी फुगलेली राहिली तर जुनी केंद्रं ‘तूर्तास’ चालू ठेवायला कारण मिळतं, आणि हे तूर्तास कधी संपत नाही.

सध्या मला सगळ्यात जास्त धास्ती थंडाव्याची वाटते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये अंदाज दिला होता की जगातले एसी १.६ अब्जांवरून २०५० पर्यंत ५.६ अब्जांवर जातील. उन्हात होरपळणाऱ्या माणसाला एसी घेऊ नका म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. पण विकला जाणारा सरासरी एसी हा उपलब्ध असलेल्या उत्तम एसीच्या निम्माही कार्यक्षम नाही, हे का चालवून घ्यायचं? एकदा भिंतीवर चढलेला एसी दहा-पंधरा वर्षं तिथेच राहणार. छपरांवरही बरंच करता येईल. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने असा थर बनवला, जो भर उन्हात, वीज न वापरता, आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळपास ५ अंश थंड राहिला. ऊन परतवायचं आणि स्वतःची उष्णता ८ ते १३ मायक्रॉनच्या लहरींतून थेट अवकाशात सोडायची, कारण या लहरींना वातावरण फारसं अडवत नाही. प्रयोगशाळेतून छपरापर्यंत हे स्वस्तात आणायचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि त्यासाठी पैसा लागणार आहे.

२०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी ऊर्जा कार्यक्षमतेत सुधारणा होण्याचा जागतिक वेग वर्षाला २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेण्याचं मान्य केलं. त्यानंतर २०२४ मध्येही तो १ टक्क्याच्या आसपासच रेंगाळला. त्याच परिषदेत अक्षय ऊर्जा तिप्पट करायचंही ठरलं होतं, आणि बातम्या फक्त त्याच्याच झाल्या.

तुमच्यापैकी कुणी खरेदी विभागात असेल, सोसायटीच्या समितीवर असेल, दवाखाना किंवा शाळा चालवत असेल, तर पुढचा पंप, मोटर किंवा एसी घेताना कोटेशनमध्ये एक रांग वाढवून मागा: दहा वर्षांच्या विजेचा खर्च. विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि सगळ्यात कमी किंमत न बघता सगळ्यात कमी बेरीज निवडा. कारखान्यात असाल तर येत्या सुट्टीला कॉम्प्रेसर रूममध्ये अर्धा तास उभं राहून मोजा आणि काय आकडा आला ते मला कळवा. गणित अडलं तर मी करून देईन.