बुडबुड्यांचा आवाज

जुळे सोलापुरात माझ्या बहिणीच्या घरी, हॉलमध्ये, माशांची काचपेटी आहे. गप्पा मारता मारता त्यातल्या बुडबुड्यांचा आवाज थांबला की मी ताडकन उठते. लाईट गेलेली असते, बाकी काही नाही. पण छातीतली धडधड बराच वेळ जात नाही.

कोविड वॉर्डात ज्यांनी रात्री काढल्यात, त्यांना हे समजावून सांगायला नको. ऑक्सिजन चालू असला की फ्लोमीटरखालच्या बाटलीतलं पाणी बुडबुडतं. पीपीई किटमध्ये चष्म्यावर वाफ धरायची, समोरचं नीट दिसायचं नाही, तेव्हा आम्ही नर्सेसनी कानांनी पेशंट सांभाळले. आवाज बंद झाला म्हणजे सिलिंडर संपला. पळा.

२०२१चे एप्रिल-मे. सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायचा! त्यात किट घालून सहा-सहा तास, पाण्याचा घोट नाही, बाथरूम नाही. तरी सांगते, तो थकवा झोपेनं गेला. जे गेलं नाही ते वेगळंच आहे.

पूर्व भागातल्या एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरलं तशी शुद्ध हरपत गेली, पण बोटं थांबेनात. चादरीवर पान ठेवायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मधेच म्हणायच्या, "नीळ्ळु, नीळ्ळु." पाणी मागत होत्या, एवढं तेलुगू मला येतं. मास्क काढला की सॅच्युरेशन आणखी पडायचं. चमच्यानं जरासं पाजलं, तेवढ्यात पलीकडच्या बेडवरून हाक आली. "येते अम्मा," म्हटलं आणि गेले. परत आले तेव्हा बोटं थांबली होती.

माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीये? बेड मोकळा झाला. बाहेर व्हरांड्यात पाच जण वाट बघत होते. रडू आलं नाही. फॉर्म भरला, चादर बदलायला मावशींना सांगितलं. आपण अशा कधी झालो, हा प्रश्न पडायला पुढं कितीतरी महिने लागले.

याला बर्नआउट म्हणतात, हे मला नंतर वाचून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या वर्गीकरणात त्याच्या तीन खुणा दिल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणि तिथं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामातला ताण साचत राहिला, तो कुणी नीट हाताळला नाही, त्यातून हे होतं, असं म्हटलंय. हे वाचून मी पहिल्यांदा मोकळं रडले. तोवर मला वाटायचं, माझंच मन कच्चं.

म्हणून मला "सिस्टर, तुम्ही स्ट्राँग राहायला पाहिजे" हे वाक्य सहन होत नाही. एका नर्सकडं किती पेशंट, सलग किती नाईट, कंत्राटावरच्या पोरींना लाट ओसरल्यावर घरी का पाठवलं, यावर बोला. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, चांगली सोय आहे, गरज वाटली तर जरूर फोन करा. पण सगळा भार त्या खचलेल्या बाईवरच का? तिनंच ओळखायचं, तिनंच वेळ काढायचा, तिनंच फोन लावायचा. वाईट मृत्यू झाला की त्या टीमनं ड्युटीच्या वेळेतच पंधरा मिनिटं एकत्र बसावं, ते कामातच धरावं. याला ना मशीन लागतं ना मोठा निधी.

कुणी म्हणेल, कोविड संपला, आता कशाला? कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, काही संपत नसतं. हायवेचे ॲक्सिडेंट येतात, विष घेतलेली माणसं येतात.

परवा अपघातातलं लहान मूल गेलं. आमची नवीन सिस्टर, बावीस वर्षांची, चादरींच्या कपाटापाशी नुसती उभी होती. मी तिला आत बसवलं, चहा मागवला. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग त्या मुलाच्या पायातल्या एकाच चपलेबद्दल बोलत राहिली. पुढच्या शिफ्टला हँडओव्हर वीस मिनिटं उशिरा झाला. उशिराचं कारण मी वहीत जसंच्या तसं लिहून खाली सही केलीय.