मॅमथ एका रात्रीत गोठले नाहीत

‘सैबेरियात मॅमथ उभ्या-उभ्या गोठले, तोंडातला घाससुद्धा तसाच! एका रात्रीत प्रलय आला आणि गाळ-बर्फ सगळं एकदम साचलं.’ हा संदेश मला तीन गटांतून आलाय. सोबत नदीकाठच्या बर्फाळ कड्याचा फोटो.

आधी घासाचं. बेरेझोव्का नदीकाठच्या मॅमथच्या दातांत वनस्पती सापडल्या, हे खरं. पण 1901 मध्ये ऑटो हर्त्झ यांनी तो उकरला तेव्हा मांस कुजल्याची दुर्गंधी सुटली होती आणि कमरेचं हाड मोडलेलं होतं. म्हणजे तो बिचारा कुठेतरी कोसळून मेला. शिवाय तो 40,000 वर्षांहून जुना, तर सैबेरियातलाच दुसरा, यार्कोव मॅमथ सुमारे 20,000 वर्षांपूर्वीचा. फारच लांबलेली रात्र म्हणायची.

आता कडा. या बर्फाळ गाळाला येडोमा म्हणतात (हसू नका, शब्द रशियन आहे). सैबेरिया, अलास्का आणि युकॉनमध्ये त्याचे थर काही ठिकाणी 40 मीटरहून जाड आहेत आणि त्यांत बर्फाच्या उभ्या पाचरी आहेत. आपल्याकडे काळी रानं भेगाळतात ती वाळून. तिथली जमीन हिवाळ्यात आकसून तडकते. वसंतात वितळलेलं पाणी त्या बारीक फटीत उतरतं आणि गोठतं. पुढच्या एखाद्या हिवाळ्यात तडा पुन्हा तिथेच जातो. एका वेळी भर पडते ती जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. कड्यातल्या पाचरी कित्येक मीटर रुंद आहेत, हिशेब तुम्हीच करा. दरम्यान वारा, ओढे आणि उतारावरची माती वरून गाळ टाकत राहिले. जमीन चढली तशी खालची माती कायमची गोठत गेली आणि पाचरीही उंच होत गेल्या. प्रलयाचं पाणी आलं असतं तर सोबत उष्णता आणून त्याने हाच बर्फ वितळवला असता.

‘मग ही गाडली गेलेली हिमनदी असेल,’ असंही कुणी म्हणतं. एदुआर्द टोल या जुन्या रशियन संशोधकालाही तसंच वाटलं होतं. पण हिमयुगात या भागात बर्फ फार कमी पडायचा. थंडी होती, पण हवा कोरडी. त्यामुळे तिथल्या सखल प्रदेशात हिमनद्या झाल्याच नाहीत.

आणि खारींचं काय करायचं? कोलिमा नदीकाठी या गाळात जमिनीवरच्या खारींची बिळं सापडलीत, बिया साठवलेली. खार बीळ खणते ते उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या वरच्या मातीत, पण ही बिळं आज 20 ते 40 मीटर खोल आहेत, म्हणजे त्यांच्यावर नंतर गाळ चढत गेला. त्यातल्याच सुमारे 32,000 वर्षांपूर्वीच्या फळाच्या ऊतीपासून रशियन शास्त्रज्ञांनी रोपं वाढवली, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. रोपांना पांढरी फुलंही आली.