नासाडी गेटाबाहेर घालवण्याची सोपी रीत

तुमच्या कंपनीत 'लीन', म्हणजे कामातली नासाडी काढून टाकायची जपानी पद्धत, येतंय असं कळलं. अभिनंदन! एमडी साहेब जपानला जाऊन आले, सात प्रकारच्या नासाडीचा रंगीत तक्ता कॅन्टीनच्या भिंतीवर लागला, पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे. म्हणजे निम्मं काम झालंच. उरलेल्या निम्म्यासाठी हे चार शब्द.

आधी पिवळी पट्टी मारून घ्या. ट्रॉली पट्टीच्या आत असेल तर तो नियोजित साठा, बाहेर असेल तर पट्टी सरकवा. मग हत्यारांचा शॅडो बोर्ड. प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली हवी. सतराचा पाना मात्र तिथे कधीच नसतो, तो ऑपरेटरच्या लॉकरमध्ये असतो, कारण बोर्डवर ठेवला की दुसऱ्या शिफ्टनंतर पुन्हा दिसत नाही. ऑडिटच्या दिवशी तेवढा मागून घ्या. जुन्या डाय (प्रेसचे साचे) आणि मॉडेल बंद पडलेले पार्ट यांना लाल टॅग लावून शेडच्या मागे ताडपत्रीखाली ढकला. पावसाळ्यात चाकणच्या चिखलातून शेडमागे जाण्याची हौस कुठल्याच ऑडिटरला नसते.

ही पद्धत घडवणारे टोयोटाचे ताइची ओनो मॅनेजरला शॉपमध्ये खडूच्या वर्तुळात उभं करायचे आणि काय दिसतं ते बघ म्हणायचे. तासन् तास! हा प्रकार तुम्ही कटाक्षाने टाळा. तिथे उभं राहिलं की नको ते दिसतं. हेल्पर रिकामी बिन शोधत तीन शेड पालथ्या घालतोय. प्रेसवाला क्रेनची वाट बघतोय, क्रेनवाला जेवायला गेलाय. आणि शेजारच्या प्रेसवर जो पार्ट धडाधड पडतोय, त्याची मागणी थेट पुढच्या महिन्यात आहे. गरजेपेक्षा जास्त माल काढणं ही ओनोंच्या लेखी सगळ्यांत वाईट नासाडी, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या ढिगाखाली लपतात. ठीक आहे, पण त्यांना तुमची महिनाअखेरची मीटिंग कुठे माहीत होती? प्रेस थांबली की कार्यक्षमतेचा आकडा पडतो, आणि आकडा पडला की खुलासा द्यावा लागतो. त्यापेक्षा सोप्यातला सोपा पार्ट लावा आणि मशिन पळवत ठेवा. माल कुठे ठेवायचा हा प्रश्न स्टोअरचा.

डाय बदलण्याचंही तसंच. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणवलं. मुख्य युक्ती एवढीच, की प्रेस चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, पॅकिंग सगळं हाताशी आणून ठेवायचं. त्यात महिने जातात. तुम्हाला दुपारपर्यंत जमेल. घड्याळ शेवटचा बोल्ट आवळताना सुरू करा. बोल्ट शोधण्याचा वेळ मटेरियल हँडलिंगमध्ये टाका, पहिला पीस पास करायला क्वालिटीवाल्याची वाट पाहण्याचा वेळ इन्स्पेक्शनमध्ये. सेटिंग नऊ मिनिटं! फलकावर लावून फोटो काढा.

लाइन थांबवायची दोरीही बसवा, चांगली जाड. टोयोटाच्या कारखान्यात काही बिघडलं की कामगार ती ओढतो आणि टीम लीडर मदतीला धावतो. तुमच्याकडेही कोणीतरी धावत यावं, फक्त त्याचा पहिला प्रश्न 'काय झालं?' ऐवजी 'कोणी ओढली?' असावा. पंधरवड्यात स्टॉपेज शून्य. पुढे कस्टमरच्या लाइनवर माल रिजेक्ट झालाच, तर पाच वेळा 'का' विचारायचा फॉर्म आहे. पहिल्याच 'का'ला 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहा आणि उपाय म्हणून 'ऑपरेटरला समज दिली'. तो ठेकेदाराचा माणूस, सात महिन्यांत ब्रेक मिळून, म्हणजे कामावरून कमी होऊन, गेलेला असतो. समज कोणाला दिली, हे विचारायला कोणी येत नाही.

आता खरा हात मारायचा तो साठ्यावर. आत दोन तासांचाच माल ठेवायचा, असं जाहीर करा. बाकीचा माल पुरवठादाराने ठेवावा. भोसरीतला तुमचा गाळेवाला मग तुमच्या प्लांटजवळ भाड्याने गोदाम घेईल, त्याचं भाडं तो भावात मागेल, तुम्ही वार्षिक किंमतकपातीचं पत्र दाखवाल. चाकण चौकात गाड्या अडकतात म्हणून तो पहाटे तीनलाच टेम्पो काढेल. तुमचा स्लॉट दुपारी दोनचा असतो. ड्रायव्हर गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून भात लावेल, अंघोळ टँकरखाली करेल. सात नासाड्यांच्या तक्त्यात 'वाट पाहणे' आहे खरं, पण तक्ता कॅन्टीनमध्ये आहे आणि ड्रायव्हरला कॅन्टीनचा पास नाही. तुमचा साठा आता डिझेल जाळत उभा आहे, म्हणजे तुमच्या वहीत तो शून्य.

जस्ट इन टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढंच, हे मालाला लागू असतं, बिलाला नाही, हेही स्टाफला समजावून सांगा. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ पासून कायदा आहे. तो वाचलेला माणूस अकाउंट्समध्ये बसवू नका. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मात्र बिलातून पैसे कापायची डेबिट नोट त्याच दिवशी, हातोहात.

एखादा शहाणा तुम्हाला १९९७ ची गोष्ट ऐकवेल. फेब्रुवारीत जपानमधल्या कारियात आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली, टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा, साठा काही तासांचा, टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग कितीतरी पुरवठादारांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी हातात धरला नव्हता अशांनीसुद्धा, दराची घासाघीस न करता तो बनवून दिला आणि थोड्याच दिवसांत लाइन पुन्हा फिरली. इतक्या वर्षांच्या संबंधांशिवाय हे होत नाही, असंही तो म्हणेल. त्याला चहा पाजा. मग परचेसला सांगा, की संकटात पुरवठादाराने भाव विचारायचा नाही, ही अट पुढच्या करारात घाला.

ऑडिटर उशिरा पोहोचेल. त्याची गाडी तुमच्याच माल घेऊन उभ्या टेम्पोंच्या रांगेमागे अडकलेली असेल. आल्या आल्या तो कोंडीबद्दल कुरकुरला तर मान हलवा, सरकारला रस्त्यांवरून दोन शिव्या घाला आणि हेल्मेट-गॉगल देऊन थेट शॉपमध्ये न्या.