शरणपूरच्या शाळेवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेवरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: धर्मांतराच्या केंद्राला मी शाळा म्हटले, आणि आफ्रिकेत वारलेला स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा देह त्याचे आफ्रिकी सेवक चुमा व सुसी यांनी किनाऱ्यापर्यंत आणला असताना, केवळ नाशिकच्या या शाळेत शिकलेला म्हणून त्यांचा सोबती जेकब वेनराइट याला मोठे केले.

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस यांनी शरणपूर वसवले ते ख्रिस्ती वसाहत म्हणूनच, यात वाद नाही. पुढे ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे तिथे आली, त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली. हे त्यांचे नुकसानच होते व ते सौम्य शब्दांत सांगू नये, असे मलाही वाटते. परंतु ज्या आवारात ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली, त्याला शाळा नाही तर काय म्हणायचे?

चुमा आणि सुसी यांचे नेतृत्व निर्विवाद आहे; लेखातही ते आहे. मात्र मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टनचे काळीज झाडाखाली पुरले गेले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि त्या झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. मीठ लावून उन्हात वाळवलेला, झाडाच्या सालीत गुंडाळलेला तो देह या मंडळींनी कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाला वेनराइट होता, चुमा-सुसी नव्हते, कारण त्यांना इंग्लंडला नेले गेले ते नंतर. तो अन्याय खराच, पण त्याचा दोष वेनराइटकडे जात नाही.

आपल्या प्रतिक्रियेत राहून गेलेली बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. १८७५ साली प्राइस यांनी आजच्या केनियातील मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत वसवली, शरणपूरची अनेक आफ्रिकी माणसे तिकडे गेली आणि आफ्रिकी मुलांना शिकवण्याच्या ज्या कामामुळे ही शाळा दूरवर ओळखली जात होती ते काम इथून उठले. इथेच शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये पूर्व आफ्रिकेत धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या नाशिककरांनाही यातले फारसे ठाऊक नसते, म्हणून तो लेख लिहिला.

शीर्षकातील ‘शाळा’ हा शब्द मी कायम ठेवत आहे. त्या मुलांपैकी कोणाचे मूळ नाव आपल्याला कुठे नोंदलेले आढळले, तर मात्र अवश्य कळवावे. ते लेखात त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाआधी घालीन.