ग्रामीण गुणवत्तेवर भाषण ठोकताना

खेड्यातली लेकरं शहरातल्यांच्या मागं का पडतात, यावर बोलायला तुम्हाला मराठवाड्यातल्या एखाद्या हायस्कुलात बोलावलंय ना? मग कार्यक्रम दसऱ्याआधीच उरकायला सांगा. नंतर बीड जिल्ह्यात वडवणी-धारूरकडं गेलात तर हजेरीपटावर नावं भरगच्च अन् सतरंजी निम्मी रिकामी, असलं काहीतरी बघावं लागेल. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप ट्रॅक्टरमध्ये चढले की लेकरंही चढतात, ती साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परततात. तोवर शहरातल्या लेकरांची दुसरी चाचणीही झालेली असते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, असं ठणकावून सांगा. सुरू कधी होतात, असं कुणी विचारलं तर पाणी प्या.

मग गुरुजींकडं वळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक पुरतात. वर्ग पाच असले म्हणून काय झालं? एक गुरुजी बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन गल्लोगल्ली, दुसरे 'माहिती तात्काळ पाठवा'ला उत्तर देत मोबाइलला रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर. मधल्या वेळात खिचडीचा तांदूळ मोजायचा. उरल्या वेळात एकाच फळ्यावर अर्ध्यात पहिलीचा 'अ', अर्ध्यात पाचवीचे अपूर्णांक. हे काही सांगत बसू नका. गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत, अप-डाऊन करतात, एवढंच सांगा. ते पुष्कळदा खरंही असतं अन् टाळ्या हमखास पडतात.

आकडा हवाच असेल तर लेकरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'चा फेका. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं, त्यामुळं शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या पोराला भागाकार येतो का, ही भानगडच उरत नाही.

लातूर पॅटर्न विसरू नका. दहावीला चमकलेलं गावचं पोरगं लातूरला खोली, मेस अन् क्लासच्या फीपायी बापाचं एकरभर रान विकून बसतं. नीटमधून डॉक्टरकीला लागलं तर श्रेय लातूरचं. हुकलं तर गावातलं वातावरणच तसलं. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत ते वाचायला शिकलं, तिचं नाव कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. तुम्हीही घेऊ नका.

भाषण मात्र ऐसपैस होऊ द्या. सत्कार, नारळ, आभार, चहा. पाच वाजले की पुढच्या गावाहून येणाऱ्या मुली चुळबुळ करतील, एकमेकींना कोपरानं ढोसतील, दाराकडं बघतील. त्यांची शेवटची एसटी निघायची असते. तुम्ही वहीत लिहून घ्या: ग्रामीण विद्यार्थिनी, एकाग्रतेचा अभाव. पुढच्या भाषणाला मुद्दा झाला.