सर, बूट काढा

देवळात बूट काढायला सांगतात, दवाखान्यात सांगतात, सोयऱ्याच्या बैठकीत सतरंजी दिसली की आपणच काढतो. पण ज्या जागेसाठी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा साडेचार हजारांचे बूट घेतले, त्याच जागेत शिरल्या शिरल्या एक पंचविशीचा पोरगा मला म्हणाला, "सर, बूट काढा."

जागा म्हणजे जिम. गाव लातूर, वय ४७, नोकरी खुर्चीतली. डॉक्टर म्हणाले, शुगर कडेला आलीय. लेकरू विहिरीच्या कडेला गेलंय म्हणावं त्या सुरात म्हणाले. नुसतं चालून भागणार नाही, थोडं वजन उचला. माझा पोरगा मला बुटांच्या दुकानात घेऊन गेला. पायात घातले तर ढगावर उभं राहिल्यासारखं वाटलं. तळवा चांगला ३ सेंटिमीटर जाड. आरशात मी जरा उंचही दिसत होतो, हे घरी कुणाला बोललो नाही.

बूट काढा म्हणणारा तो पोरगा जिमचा ट्रेनर. त्यानं त्यातला एक बूट हातात घेतला आणि टाचेच्या फोममध्ये अंगठा रोवला. निम्मा अंगठा आत गेला. "हे बगा सर. पळायला झकास. पाय आपटला की हे दबतंय, हिसका बसत नाही. पण खांद्यावर वजन घेतल्यावर बी हे दबणारच ना? ते बी एका अंगाला. तुम्ही गादीवर उभं राहून पोतं उचलायलाव."

हे पटलं. पण मी सरकारी माणूस, पटलेली गोष्ट लगेच मान्य करण्याची सवय नाही. तेव्हा त्यानं डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा बार ओढून उभं राहण्याचा, हिशोब सांगितला. बार म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या टोकांना वजनाच्या गोल प्लेटा. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. तो काही तुमच्यासाठी वर येणार नाही. तुम्ही ३ सेंटिमीटर वर चढलात की बार तुमच्यापासून ३ सेंटिमीटर खाली गेला. तेवढं दर खेपेला जास्त ओढायचं. मी मनात गुणाकार केला. १० वेळा, ३ फेऱ्या, ३ सेंटिमीटर. झाले ९० सेंटिमीटर. जेमतेम एक वार. नऊवारीचा नववा हिस्सा वाचवण्यासाठी चारचौघांत बूट काढायचे?

खरी अडचण बुटांची नव्हतीच. बुटांच्या आत जे होतं त्याची होती. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता आणि डाव्याची टाच केव्हाच विरली होती. "मोजे बी काढा, सरकतात," ट्रेनर म्हणाला. काढले. माझी टाच म्हणजे मे महिन्यातलं काळं रान. आमच्याकडच्या जमिनीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की उभी काठी आत जाते. टाचेत काठी जात नाही, एवढाच काय तो फरक.

घरी सांगितल्यावर बायकोला माझ्या शुगरपेक्षा टाचांचीच काळजी लागली. "त्या टाचा दाखवून आलात?" त्याच रात्री खोबरेल तेलात मेणबत्ती वितळवून तिनं भेगांत भरली. सकाळी पाय धुवायचे होते, पण नळाचा दिवस नव्हता. आम्ही लातूरकर पाण्याच्या बाबतीत भिडस्त. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं आम्ही. टाकीत बादलीभर असताना ते टाचांवर ओतायला हात धजत नाही. फडक्यानं पुसले आणि गेलो.

स्क्वॉटचा, म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठबस करण्याचा, दिवस होता. प्लेटा नव्हत्या, नुसता २० किलोचा बार खांद्यावर. मी खाली जायला लागलो आणि माझा उजवा पाय, लग्नात रुसलेल्या जावयासारखा, कुणाला काही न सांगता बाजूला निघाला. घाईत ओढून घ्यावा तर डावाही त्याच्या मागं. रॅकच्या आडव्या दांड्यांवर बार खणकन अडकला आणि त्याच्या खाली मी मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखा. पत्रावळ तेवढी यायची राहिली होती. रबरी मॅटवर माझ्या दोन्ही टाचांचे तेलकट लांबोळे उमटले होते. ते पुसण्यासाठी जिमवाल्यानं पाणी मागवलं, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं मला उठवलं. त्याच्या पायात तिसराच प्रकार. वर पट्टा, तळवा दगडासारखा कडक आणि टाच पुढच्या भागापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच. चालला की फरशीवर टकटक. तो म्हणाला, "मामा, घोटा वाकत नाही ना तुमचा, म्हणून टाच उचलती अन् तुम्ही पुढं झुकताव. टाचेला आधार मिळाला की सरळ खाली जाताव." ट्रेनरनं माझ्या टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या दोन प्लेटा सरकवल्या. आणि खरंच, मी पाठ ताठ ठेवून खाली गेलो. माझे आजोबा ज्वारीच्या रानात खुरपं घेऊन सकाळभर उकिडवे बसायचे, टाचा जमिनीला टेकलेल्या. तोच घोटा वारशानं माझ्याकडं आला होता. घरात कमोड आला आणि तो वारसा गेला.

म्हणजे स्क्वॉटला उंच टाच, डेडलिफ्टला सपाट पाय. आता पक्ष पडले. एकानं मोबाईलवर अर्नोल्ड श्वार्झनेगर दाखवला, सत्तरच्या दशकातला, जिममध्ये अनवाणी. दुसऱ्यानं वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरी काढली. सिडनी, २०००, दोन प्रकारांत ११० आणि १३०, मिळून २४० किलो, कांस्यपदक, आणि पायात टाचेचे बूट. स्पर्धेत अनवाणी उतरूच देत नाहीत म्हणे. मी अर्नोल्डच्या पोटऱ्या पाहिल्या, मग माझ्या पाहिल्या, आणि दोन्ही पक्षांना नमस्कार केला.

आमच्या गावच्या तालमीत हा वादच नव्हता. पायताण बाहेर, मारुतीला हात जोडायचे आणि हौदात उतरायचं. त्या लाल मातीत ताक, हळद, तेल. पाय ठेवला की गार. रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव घेतल्याशिवाय तिथं कुणी लंगोट कसत नसे. पण तालमीतलाच पैलवान मातीतून गादीवरच्या कुस्तीला गेला की पायात बूट चढवतो. तेव्हा तालमीचा दाखलाही अर्धाच कामाला आला.

शेवटी मोंढ्यात गेलो. आडतीसमोर ट्रक लागलेले. एक हमालमामा पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढत होते, अनवाणी. खाली उतरल्यावर विचारलं, चप्पल का नाही?

"चप्पल फळीवर सरकती मालक. अनवाणी असलं की पायाला कळतंय, फळी कुठं वाकली, खिळा कुठं वर आलाय."

"खिळा कळतो कसा?"

"शिरल्यावर कळतोय की."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय उचलायलाव?"

"लोखंड. ४० किलोपर्यंत आलोय."

"न्यायचंय कुठं?"

"कुठं नाही. उचलायचं आणि परत तिथंच ठेवायचं."

मामांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि माझ्या बुटांकडं निरखून पाहिलं. "मग बूट कशाला पायजेत? जायचंच नाही कुठं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे १५ दिवस अनवाणी केलं, पाय धुऊन. खरं सांगतो, बरं वाटलं. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, हे तिन्ही खुंट जमिनीत रोवले की बार कसा गुमान वर येतो. पायाला २६ हाडं असतात; त्यांतली बरीचशी इतकी वर्षं बुटात झोपून होती. ती जागी झाल्यावर तळव्याची कमान दोन दिवस ठणकली. सोळाव्या दिवशी करंगळी प्लेटांच्या स्टँडच्या पायाला थडकली आणि नख जांभळासारखं झालं. पाठोपाठ पावसाळा आला, मॅट दमट राहायला लागली आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. बायको म्हणाली, आता तेल नाही, डॉक्टर.

ट्रेनरलाच दया आली. "सर, पातळ, सपाट, कडक तळव्याचा साधा कॅनव्हासचा बूट घ्या. टाचेला प्लेटा आहेतच." महागाचे बूट माझ्या पोरानं केव्हाच ताब्यात घेतले होते, तो त्यात पळत नाही, क्लासला जातो.

गंजगोलाईत दुकानात गेलो आणि सांगितलं तसं वर्णन केलं. दुकानदार मान डोलवत माळ्यावर चढला. धूळ झटकत त्यानं खोका उघडला. आत पांढरे पीटीचे बूट, शाळेत शनिवारी खडू घासून घालायचो ते, नाडीसकट.

"मुलगा कितवीला?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "नऊ नंबर द्या."